बाईंच्या डोळ्यांतले कोंबडे

९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यात सहा रकाने आहेत. झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, मध्ये किती वेळा जाग, दिवसा किती डुलक्या, किती वेळ उजेडात बसल्या, आणि शेवटचा 'इतर'. 'इतर'चा रकाना माझ्या अंगठ्याएवढा. आज पहिल्याच दिवशी तो भरला आणि तरी सगळं बाहेरच राहिलं. म्हणून ही वही. ही कुणाला दाखवायची नाही.

आज बाईंच्या घरी गेले. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई. तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी मला कात्री धरायला शिकवलं. गेलेल्या माणसाच्या डोळ्यातला मागचा पडदा अलगद सोडवायचा, त्याला चार काप द्यायचे, म्हणजे तो काचेवर चार पाकळ्यांच्या फुलासारखा सपाट पसरतो. मग तो रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशी मोजायच्या. हे आमचं काम. बाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. विसरायला लागून चार.

काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, दार उघडलं. "ये ये. आज बरी आहे. सकाळपासून मला फक्त दोनदाच घराबाहेर काढलं."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नवी का?"

"हो," म्हटलं.

"नखं काप."

नखं कापलेलीच होती. तरी हात मागे घेतले.

१० फेब्रुवारी

कालचं वाचलं तर बाई खडूस वाटतात. त्या खडूसच आहेत. तेवीस वर्षांत त्या मला "छान आहे" असं एकदाच म्हणाल्या, तेही हवेबद्दल.

तक्ता कशासाठी ते एकदा लिहून टाकते. पडद्यातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांतल्या शंभरात एखादीचं काम वेगळंच असतं. ती चेहरे ओळखायला मदत करत नाही, अक्षरंही नाही. बाहेर उजाडलं की मावळलं, एवढंच ती मेंदूला कळवते. त्यावर अंगातलं घड्याळ चालतं. बाईंनी या पेशींना नाव ठेवलं होतं, कोंबडे. साऱ्या प्रयोगशाळेत तेच रूढ झालं. "आज डाव्या डोळ्यात कोंबडे फारच कमी" हे वाक्य ऐकून एकदा एक पाहुणे हातातला कप खाली ठेवून उठले होते.

विसरण्याच्या आजाराने गेलेल्यांच्या पडद्यात हे कोंबडे कमी सापडतात. जे सापडतात त्यांच्याही फांद्या झडलेल्या असतात. आमच्या काचांवर तरी असं दिसतं. मग अशी माणसं मध्यरात्री उठून कपडे घालतात आणि भर दुपारी अंथरूण मागतात, त्याचं हेही एक कारण असेल का? डॉक्टरांना हे शोधायचंय. माणूस जिवंत असताना झोपेचा तक्ता ठेवायचा, आणि तो गेल्यावर त्याचे डोळे तपासायचे. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं.

आठ वर्षांपूर्वी अभ्यास सुरू झाला तेव्हा पहिला फॉर्म बाईंनी भरला. तेव्हा त्या ठणठणीत होत्या. "दुकानदाराने आपला माल आधी स्वतः घ्यावा," म्हणाल्या, आणि तारीख घालून सही केली. त्यांचा क्रमांक एक. आमच्या शीतकपाटात पहिला कप्पा तेव्हापासून रिकामा आहे. त्यावरची पट्टी मीच चिकटवली होती.

२२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाल्या, सकाळचं ऊन डोळ्यांना मिळालं तर झोप थोडी सुधारू शकते. सुधारेलच असं नाही. रोज तासभर गॅलरीत बसवून बघा.

मी म्हटलं, मी जाईन, कामावर येण्याआधी.

"तुम्ही कशाला? काका बसवतील की."

"नोंद नीट व्हायला हवी," मी म्हटलं. "अभ्यासाचा प्रश्न आहे."

डॉक्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. उगीच काही बोलत नाहीत. मान हलवली आणि गेल्या.

२४ फेब्रुवारी

जमत नाहीये. पडदे सरकवले की बाई किंचाळतात. "बंद कर! रंग उडेल!"

त्यांचं बरोबरच आहे. रंगवलेल्या काचा उजेडात ठेवल्या की चमक विझत जाते. म्हणून आमच्या खोलीत दिवसाही अंधार असतो. बाई चाळीस वर्षं त्या अंधारात बसल्या. आता सोफ्याच्या उशांनी खिडकीच्या फटी बुजवतात. कोंबड्यांना ऊन हवंय आणि बाई त्यांना झाकून ठेवतायत. काका म्हणाले, "परवा फ्रीजमधला दिवासुद्धा काढून ठेवला. मला दूध म्हणून ताक मिळालं."

२५ फेब्रुवारी

जमलं!

आज पडद्याला हातच लावला नाही. खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "बाई, काचा सगळ्या आत ठेवल्या. डब्यात. वर काळा कागद गुंडाळला."

"नंबर टाकले?"

"टाकले."

"तारीख?"

"टाकली."

"मग अंधारात काय बसलीस भुतासारखी? उघड की."

स्वतः उठून पडदा सरकवला. पंचेचाळीस मिनिटं उजेडात. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होते, हातातलं फडकं तसंच.

४ मार्च

आता रोज हेच. पावणेसातला पोचते, काचा आत ठेवल्याचं सांगते, नंबर, तारीख, मग उजेड.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून ऊन आधी आमच्या पायांवर येतं. मग गुडघ्यांवर. बाई ते चढताना बघत असतात, पाणी भरताना भांड्याकडे बघावं तसं. चेहऱ्यावर आलं की डोळे मिटत नाहीत, बारीक करतात. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवतं, एक बाई गादी झटकते, आणि त्या धुळीतही ऊन असतं. मला कधी कधी वाटतं मी अजून जागीच झालेले नाही, पाच वाजता लावलेला गजर वाजायचाच आहे.

मी मनात त्यांच्या डोळ्यात उतरते. बुबुळातून आत, पाण्यासारख्या त्या पारदर्शक गोळ्यातून थेट मागच्या भिंतीपर्यंत. तिथे ते बसलेत, लांब लांब, आपापल्या फांद्या पसरून. किती असतील? मी मोजायला लागते आणि बाई एकदम म्हणतात, "काय बघतेस?"

"काही नाही."

"काही नाही तर लिहून ठेव, काही नाही म्हणून. तेही लिहायचं असतं."

१९ मार्च

आज बाई खूप बोलल्या. दुसऱ्याच कुणाबद्दल.

"तू बरी आहेस," मला म्हणाल्या, "पण संध्याकाळी येते ती वेगळी. डावखुरी आहे. सुरुवातीला मी फार ओरडायचे. मग कळलं, कात्रीच उजव्या हाताची. तिच्यासाठी उलटी कात्री मागवायला साहेबांशी भांडले मी. तीन महिने भांडले."

"मग?"

"मग काय. हात असा हलका की पाण्यालाही कळत नाही. असा हात मी पाहिला नाही कुणाचा."

"तिला सांगितलंत?"

"वेडी का तू? सांगितलं की हात जड होतो."

बसमध्ये सारखं तेच डोक्यात. बाईंच्या हाताखालून किती जणी गेल्या असतील, मी यायच्या आधीही. त्यांतही कुणी डावखुरी होती हे मला आजच कळलं. माझ्यासाठीही डाव्या हाताची कात्री आली होती, पण ती कार्यालयातून आली. बाईंनी ती टेबलावर आपटली होती, "घे, आता तरी नीट काप."

खरं लिहायचं तर मला त्या मुलीचा हेवा वाटला. माझ्या वयाला हे शोभत नाही.

२ एप्रिल

पाचऐवजी तीनदा जाग. सलग चार रात्री. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्यावरून काही ठरत नाही. पण हसल्या.

घरी यांना सांगितलं. हे छापखान्यातून आले होते, बोटांना शाई. म्हणाले, "तू हल्ली माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा वाटतं मोजतेयस."

"काय मोजणार तुमच्यात?"

"तेच तर. काही सापडलं तर कळव."

काका जरा वाळल्यासारखे वाटतात. उन्हाळ्याने असेल. बाईंचं वजन मात्र एक किलोने वाढलंय, हे नोंदवलं.

१४ एप्रिल

आज पोचले तर बाईंचं दार सताड उघडं. काका जेवणाच्या टेबलाशी, गाल ताटाशेजारी टेकलेला. मी जवळ जाऊन नाकाशी हात धरला. मग घोरण्याचा आवाज आला. बाई कुठेच नाहीत.

जिन्यावरून धावले. आणि पहिल्या मजल्यापर्यंत येते तोच अख्ख्या इमारतीची वीज गेली. लिफ्टमधून कुणीतरी दार बडवायला लागलं. एका घरातून मिक्सर मध्येच बंद पडल्याची शिवी आली.

बाई तळमजल्यावर मीटरच्या कपाटापुढे उभ्या होत्या. गाउन नीट, केस विंचरलेले, एक एक खटका खाली ओढत होत्या. शेवटचा ओढला आणि माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर काम पुरं झाल्याचं समाधान. "लोकांना अक्कल नाही. उघड्या काचा आणि एवढे दिवे."

मी खटके वर केले तशा लिफ्टमधून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू निघाल्या, घामाघूम. "हे आता अती झालं हं! यांना कुठेतरी ठेवा. उद्या गॅस उघडतील, सगळे मरू." त्यांचंही चूक नाही. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ही नवी? हिला नको घेऊ. हिचा आवाजच केवढा."

वर आलो तेव्हा काका जागे होऊन खोल्याखोल्यांतून फिरत होते. बाईंना बघून भिंतीला टेकले. "दोन मिनिटं डोळा लागला," म्हणाले. "दोनच मिनिटं." मी म्हटलं, होतं असं. आणि बाई किती पायऱ्या उतरल्या ते तक्त्यात लिहिलं, बावन्न. या वयाला खूपच चांगलं.

६ मे

बाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. जिवंत डोळ्याचा पडदा यंत्राने बघता येतो. कोंबडे त्यात दिसत नाहीत, पण निरोप नेणाऱ्या पेशींचा थर किती जाड आहे ते कळतं. हनुवटी टेकवायला सांगितली तर बाईंनी कपाळ टेकवलं, मग कान. शेवटी मी मागून दोन्ही हातांत त्यांचं डोकं धरलं. केस इतके मऊ झालेत. मी त्यांच्या डोक्याला याआधी कधी हात लावला नव्हता.

यंत्राच्या पडद्यावर चित्र उमटलं. तांबूस नारिंगी गोल, त्यात एक फिकट चंद्र, आणि त्या चंद्रातून फुटून सगळीकडे जाणाऱ्या तांबड्या नद्या. मी आयुष्यभर पाहिले ते पडदे पांढुरके असतात. गार. हा जिवंत होता, प्रत्येक ठोक्याला नदी किंचित थरथरत होती. कुठल्याशा ग्रहावर संध्याकाळ झालीय आणि मी फार उंचावरून तरंगत खाली बघतेय, असं वाटलं. यंत्र चालवणारा म्हणाला, "थर बराच पातळ झालाय." मला त्याचा राग आला. त्याचं काम करत होता बिचारा.

बाई नेहमी सांगायच्या, पडदा म्हणजे मेंदूचाच तुकडा, बाहेर बघायला खिडकीत येऊन बसलेला. आज त्यांनीच स्वतःचं चित्र पाहिलं. बराच वेळ.

"कुणाचा?"

"एका बाईंचा."

"काप नीट द्या," म्हणाल्या. "गडबड करू नका."

२१ मे

हे तक्त्यात लिहिलेलं नाही.

आज ऊन चेहऱ्यावर आलं तसे बाईंनी दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. मला वाटलं तिरीप लागली. पडदा थोडा ओढू का, विचारलं.

"हे माझे आहेत," तळव्यांमागून म्हणाल्या.

"हो बाई. तुमचेच आहेत."

"कुणी न्यायला आलं तर सांग, नाही द्यायचे."

मी उगीच पडद्याची कड सारखी केली.

"त्या डब्यात फार गार असतं. मला माहितीय. मीच घालायचे ना." मग बोटांच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. शाळेत पहिल्या दिवशी सोडून जाणाऱ्या आईकडे बघावं तसं. "मला एकटीला ठेवू नका तिथे."

मी त्यांच्या हातांवर माझे हात ठेवले. थोड्या वेळाने त्या विसरल्या आणि बिस्किट मागितलं.

तक्त्यात लिहिलं, 'शांत बसल्या, चाळीस मिनिटं.'

२२ मे

डॉक्टरांना सांगणार होते. त्या खोलीत नव्हत्या.

२३ मे

आज होत्या.

३ जून

बाईंनी बिस्किटाचे दोन तुकडे केले. एक स्वतः खाल्ला, दुसरा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "तिला दे. संध्याकाळी येते तिला. दिवसभर उपाशी राहते, कामात असली की."

मी काकांना विचारलं, संध्याकाळी कोण येतं हो इथे? डावखुरी?

"संध्याकाळी?" काका म्हणाले. "कुणी नाही येत. पूर्वी तूच यायचीस, सुटल्यावर, काचा दाखवायला."

"छे, मी नव्हे. बाई माझ्याबद्दल असं नाही बोलणार. आधीची कुणीतरी असणार."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा घेतेस?"

बिस्किट कुणाला द्यायचं कळेना. टाकवेना. शेवटी बस थांब्यावर उभी राहून मीच खाल्लं. दुसऱ्याचं खाल्ल्यासारखं वाटत राहिलं.

११ जून

ही वही खरी ठेवायची असेल तर हे लिहायला हवं. मला बाईंचे डोळे हवे आहेत.

अभ्यासासाठी हवेत, हे आहेच. झोपेची आणि उजेडाची अशी रोजची नोंद आणि कोंबड्यांची मोजणी एकाच माणसाची, असं दुसरं उदाहरण आमच्याकडे नाही. पण तेवढंच नाही. मी मनात शंभरदा ते काप देऊन झालेय. कुठला ब्रश, कुठली बशी, पाणी किती. इतकं सुंदर फूल मांडायचं की आजवर कुणी मांडलं नसेल. आणि मग कुणीतरी मागे उभं राहून ते बघावं. कोण, ते मला सांगता येत नाही. मागे कोण उभं राहणार आहे?

सही शुद्धीतली आहे. त्या दिवशीचं बोलणं आजारातलं आहे. असं मी दहादा लिहून बघितलं. अक्षर सुंदर आलं.

१८ जून

काकांना सांगितलं. बाई आत झोपल्या होत्या. मी एका दमात सगळं बोलले, डबा, गारठा, एकटी, आणि मी ते महिनाभर लपवलं हेही.

काका शेंगा सोलत होते. थांबले नाहीत. "तुला एकदाच म्हणाली? मला रोज म्हणते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस."

मीही एक शेंग उचलून फोडली.

"मी तिचा नवरा नाही, असंही ती रोज म्हणते," काका म्हणाले. "ते मनावर घेतलं असतं तर आज तुला चहा कुणी दिला असता?"

"मग हेही मनावर घेऊ नका," मी म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की माझी मलाच लाज वाटली.

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. रागावले नव्हते. "नवरा नाही म्हणते तेव्हा चिडलेली असते. चिडणं मला चालतं, पंचेचाळीस वर्षं चाललंय. हे म्हणते तेव्हा ती घाबरलेली असते गं. हात गार पडतात तिचे."

"पण सही त्यांनीच केली होती, काका. विचार करून केली होती."

"केली होती. जिने सही केली ना, ती फार धीट होती. तिला माझी काही गरज नव्हती, कशालाच. हिला आहे." सोललेले दाणे त्यांनी दोन्ही हातांनी एकत्र केले. "तिचं ऐकू की हिचं? तिला मी आता विचारू शकत नाही. हिला उद्या सकाळी तोंड दाखवायचंय मला."

मग म्हणाले, "कुठला कागद भरायचा असतो तो आण."

२० जून

संमती मागे घेतल्याचा कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. २१ मेची गोष्टही सांगितली, तारखेसकट. त्यांनी सगळं ऐकलं, कागद दोनदा वाचला.

"मला वाईट वाटतंय," म्हणाल्या. "ते वाटू दे. तुमच्यावर नाही रागावले. म्हणजे, थोडी रागावलेय. उद्यापर्यंत जाईल."

शीतकपाटातल्या पहिल्या कप्प्यावरची पट्टी नखाने खरवडून काढली. चिकटा राहिला. मग त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले आणि रडले. डोळ्यांच्या कामासाठी अश्रू वाईट, खारट पाण्याने काच खराब होते, म्हणून तोंड टेबलापासून लांब धरून रडले.

तक्ता आता लागणार नाही. काकांनी फोनवर विचारलं, "मग तू आता येणार नाहीस ना?"

"मला तशीही पाचला जाग येते," मी म्हटलं. "उगीच घरी काय करायचंय."

"बरं झालं," काका म्हणाले आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

९ जुलै

किती वेळा जाग आली ते आता मी विचारत नाही. काका सांगतात, मी ऐकते. आज बाईंनी उन्हात पाय पसरले आणि "बाहेर कोण ओरडतंय?" विचारलं. कुणीच ओरडत नव्हतं. "कोंबडा असेल," मी म्हटलं. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. त्या कशाला हसल्या मला माहीत नाही. मीही हसले.

२७ ऑगस्ट

पंधरा दिवसांपासून बाई पलंगावरच. डॉक्टर भेटायला आल्या होत्या, नुसत्याच. काही विचारलं नाही, काही लिहिलं नाही. बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन नखं तपासली. बरी होती वाटतं, काही बोलल्या नाहीत.

पलंग ओढून खिडकीशी घेतलाय. ओढताना काकांना धाप लागली, म्हणून मग यांना घरून बोलावलं आणि आम्ही दोघांनी ओढला.

१६ सप्टेंबर

बोलणं जवळजवळ थांबलंय. सकाळी ऊन आलं की चेहरा तिकडे वळवतात. झोपेतच वळवतात. म्हणजे अजून कुणीतरी आत कळवतंय. किती आहेत कोण जाणे. एखादासुद्धा पुरत असेल.

५ ऑक्टोबर

साडेपाचला काकांचा फोन. "ये," एवढंच म्हणाले.

बस मिळाली नाही, चालतच गेले. बाई खिडकीकडे तोंड करून होत्या. डोळे अर्धे उघडे. काका पायाशी उभे होते.

"मी हात लावला नाही," म्हणाले. "म्हटलं तुला ठाऊक असेल, कसे मिटायचे."

मला ठाऊक नव्हतं. तेवीस वर्षं, किती शेकडो डोळे, आणि मला ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडे येतात त्यांचं मिटणं आधीच कुणीतरी केलेलं असतं. मी ते काकांना सांगितलं.

"मग दोघांनाही नाही येत," काका म्हणाले. "तू कर. तुझा हात हलका आहे. ती नेहमी म्हणायची."

मी जवळ बसले. पापण्या अजून कोमट होत्या. दोन बोटं ठेवली आणि खाली आणली, पण उचलली की फट पडायची. मग तशीच ठेवून बसले. बोटांखाली तो गोल जाणवत होता, जो मला इतका पाठ आहे. मी काही आठवलं नाही, काही ठरवलं नाही. ऊन गच्चीवरून उतरून खोलीत आलं, चादरीवरून वर सरकत माझ्या मनगटापर्यंत पोचलं. तेव्हा हात उचलला. डोळे मिटलेले राहिले.

"झालं?"

"झालं."

काका बाजूच्या खुर्चीत बसले. मी पाणी आणायला आत गेले, परत आले तर ते झोपलेले. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. ती मनगटं केवढीशी झालीत. घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे गेलं होतं. हे मी कधी पाहिलं? रोज तर येत होते.

पेला तसाच ठेवला आणि दार लोटून बाहेर जिन्यात उभी राहिले. लोक येणार होते. सगळ्यात आधी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, घाईघाईने, एका हाताने पदर सावरत. मी बोट ओठांवर ठेवलं.

"हळू. काका झोपलेत."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "काका? अगं, मला तर कळलं बाई..."

"बाई गेल्या," मी म्हटलं. "काका झोपलेत. झोपू द्या त्यांना."

काकूंनी चपला हातात घेतल्या आणि वरच्या पायरीवर माझ्याशेजारी बसल्या.